पंख्याखालचं गणित

आमचे गणिताचे सर कोणाचंही कौतुक करत नसत. एखाद्यानं जीव तोडून उदाहरण सोडवलं, अंगभर खडू माखून घेतला आणि मोठ्या आशेनं मागं वळून पाहिलं, की सर मान तिरकी करून सगळं पहिल्यापासून वाचत आणि म्हणत, "चुकीचं नाही." झालं. यापलीकडं त्यांच्याकडं शाबासकी नव्हती. फाट्यावरच्या टपरीवाल्यानं एकदा हौसेनं विचारलं, "सर, चहा कसा झालाय?" तर त्यालाही "चुकीचा नाही" म्हणाले. त्याला तो अपमान वाटला. त्या दिवसापासून तो सरांना कालची पावडर पुन्हा उकळून द्यायला लागला, आणि सर तोही चहा तितक्याच शांतपणे प्यायचे.

तिसगावच्या पुढं एका फाट्यावर आमचं ज्युनिअर कॉलेज. नाव सांगत नाही, कारण संस्थेच्या पुढाऱ्यांचे फ्लेक्स माझ्याच दुकानात छापले जातात. वाढदिवस, निवड, फेरनिवड, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं मीच छापतो. पोट त्यावर चालतं, तेव्हा तोंड जरा बेतानंच उघडलेलं बरं.

मी आर्ट्सला होतो. आर्ट्सला का गेलो, तर दुसरीकडं घेत नव्हते. दहावीच्या गणितात मला जे मार्क पडले ते पेपर तपासणाऱ्याच्या भलेपणाचे होते. अशा माणसाला कॉस एक्सचं डेरिव्हेटिव्ह येतं, हे आज कोणाला सांगितलं तर हसतात. पण येतं. त्याला जबाबदार सर आणि एक पंखा.

आमच्या कॉलेजात सायन्सची तुकडी कायम फुल असायची आणि सायन्सचा वर्ग कायम रिकामा. नवख्या माणसाला हे कोडं वाटेल, आमच्याकडं याला व्यवस्था म्हणतात. ऐपतवाल्यांची पोरं दहावी झाली की लातूरला नाहीतर पुण्याला क्लासला जाऊन राहतात. क्लासवाले शिकवतात, पण बोर्डाच्या परीक्षेला बसायचं तर कुठल्या तरी कॉलेजात नाव असावं लागतं. ते नाव आमच्याकडं. पोरगं तिकडं आणि नाव इकडं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला पोरं गाडीतून यायची, परीक्षानळी कुठून धरायची ते शिपायाला विचारायची, पैकीच्या पैकी मार्क घेऊन संध्याकाळच्या आत परत जायची. संस्थेला फी मिळायची, पालकांचा जीव भांड्यात पडायचा. "यात कोणाचं काय वाईट झालं, सांगा!" असं आमचे संस्थेचे अध्यक्ष भाषणात विचारायचे. त्यांना सगळे आण्णा म्हणायचे. आण्णांनी प्रश्न विचारला की टाळ्या वाजवायच्या, उत्तर द्यायचं नाही, हे आम्हाला शाळेपासूनच माहीत होतं.

सरांना मात्र हे कोणी सांगितलं नव्हतं. ते रोज घंटा झाली की त्या रिकाम्या वर्गात जात आणि हजेरी घेत. एकेक नाव मोठ्यानं वाचायचं, मान वर करून बाकांकडं बघायचं, कोणी "हजर" म्हणायला जेवढा वेळ लागेल तेवढं थांबायचं, मग गैरहजरी मांडायची आणि पुढचं नाव. अशी सगळी नावं. संध्याकाळी ऑफिसात कोणीतरी बसून ती सगळी गैरहजरी हजेरीत बदलायचं, आणि दुसऱ्या दिवशी सर पुन्हा पहिल्या नावापासून सुरू. हजेरी झाली की पूर्ण तास शिकवायचे. मधेच वळून बाकांना विचारायचे, "इथपर्यंत कळलं?" स्टाफरूममध्ये यावर रोज नवा विनोद व्हायचा. इतिहासाचे सर म्हणायचे, "आमच्या कॉलेजात भिंतीसुद्धा डिस्टिंक्शनमध्ये पास होणार."

आता पंखा. आर्ट्सच्या वर्गातही पंखा होता, पण तो सुरू केला की असा खडखडायचा की इतिहासाच्या सरांना पानिपतची लढाई ओरडून शिकवावी लागायची. मग ते पंखाच बंद ठेवायचे आणि आम्ही पत्र्याखाली शिजायचो. सायन्सच्या वर्गातला पंखा मात्र नवा कोरा, फिरायला कोणी नाही म्हणून ताजातवाना. भादव्यातलं ऊन सोसेना तेव्हा आम्ही चार-पाच टगे इतिहास बुडवून सायन्सच्या मागच्या बाकांवर जाऊन बसलो. सर पाठमोरे लिहीत होते. वळले. आम्हाला वाटलं, आता हाकलतात. त्यांनी आमच्याकडं बराच वेळ पाहिलं. ज्यांना रोज बोलावून कोणी येत नव्हतं, त्यांच्याकडं न बोलावता माणसं आली होती.

"पंख्याखाली बसायचंय?" सरांनी विचारलं.

"व्हय सर."

"बसा. पण पंख्याखाली बसेल त्यानं उदाहरण सोडवायचं. ज्याला येणार नाही त्यानं खिडकीच्या बाकावर जायचं."

खिडकीच्या बाकावर सरळ ऊन यायचं. गणिताची भीती आणि उन्हाचा चटका यांत आधी चटका लागतो. आम्ही शिकलो. कुत्सितपणे सांगत नाही, खरंच शिकलो. लिमिट म्हणजे काय हे मला पुस्तकातून कधीच कळलं नसतं. वाऱ्याच्या टप्प्यात राहण्यासाठी कळलं. बातमी पसरली, तसा निम्मा आर्ट्सचा वर्ग पंख्याखाली यायला लागला. इतिहासाच्या सरांनी तक्रार केली नाही. त्यांनाही पानिपतातून सुटका हवीच होती.

त्यात एकटी शबाना मणियार अशी होती, की लाइट गेली तरी उठायची नाही. पंखा थांबला की आम्ही तत्परतेनं बाहेर लिंबाखाली जायचो, आणि आत सर आणि शबाना घाम पुसत पुढचं उदाहरण करत असायचे. ती आर्ट्सला हौसेनं आली नव्हती. तिनं अर्ज सायन्सचा भरला होता. दहावीला मार्क चांगले होते. ऑफिसानं सांगितलं, जागा फुल. ज्या बाकांवर माणूस नव्हतं ते सगळे बाक भरलेले होते. शाखा बदलायला मुदत होती, पण जागा रिकामी झाली तरच. एकदा मी तिला विचारलं, "तुला व्हायचंय तरी काय? इंजिनियर?"

"तसलं काय न्हाई ठरीवलं," ती म्हणाली. "सर म्हनत्यात ना, याच्या फुडं अजून हाय. ते फुडचं मला बघायचंय. आर्ट्सला ऱ्हायले तर हितंच संपतं."

मी म्हटलं, "संपलं तर सुटलीस." ती अशी बघायला लागली की मी विषय बदलला.

सरांचं एक दुखरं ठिकाण होतं. "जड जाईल" हे दोन शब्द त्यांच्यासमोर काढले की संपलं. स्टाफरूममध्ये कोणीतरी सुचवलं, "सर, या पोरांना कशाला ते कॅल्क्युलस? साधा हिशेब आला तरी पुष्कळ." सर म्हणाले, "कोणाचा हिशेब? मालकाचा?" आणि डबा अर्धवट टाकून उठून गेले. डब्यात शेपूची भाजी होती, तेव्हा तो त्याग फार मोठा नव्हता असं काहींचं म्हणणं पडलं.

तिसगावच्या आठवडे बाजारात शबानाच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान लागायचं. दुकान म्हणजे एक ताडपत्री आणि पत्र्याची मोठी पेटी. सर एका बाजारात तिथं जाऊन उभे राहिले. मी मिरच्या घ्यायला आलो होतो, तो मिरच्या विसरून थांबलो.

"चाचा, पोरीला सायन्सला घाला," सर म्हणाले.

चाचा बायकांच्या हातात बांगड्या भरता भरताच बोलले. "पोरगी हुशार हाय सर, मला काय कळत न्हाई व्हय? पन आपल्याला ते जड जातं. लातूरचे क्लास लागत्यात म्हनं."

"कोण म्हणतं जड जातं?"

"समदेच म्हनत्यात."

सरांनी पेटीकडं बोट केलं. "ही पेटी स्टँडवरून इथपर्यंत कोणी आणली?"

"शबानानं. दर बाजारी आनती."

"ती जड नव्हती?" सरांचा आवाज चढला. बाजार थांबून बघायला लागला. "पोरीच्या डोक्यावर पेटी देताना कोणाला वजन आठवत नाही. तिला दोन ओळींचं गणित द्या म्हटलं, की सगळ्या गावाला तिच्या मानेची काळजी!"

चाचांचा हात थांबला. ज्या बाईचा हात त्यांच्या हातात होता ती बाई घाबरून म्हणाली, "आवं, माझा हात तर सोडा." मग सरांच्या लक्षात आलं, आपण भर बाजारात ओरडतो आहोत. ते इतके ओशाळले, की काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी एक डझन हिरव्या बांगड्या घेतल्या. सर बिनलग्नाचे. त्यामुळे त्या बांगड्या कोणासाठी, यावर गावानं पुढं कितीतरी दिवस काढले. सर त्या बांगड्यांनी फळ्यावर वर्तुळं काढायचे. एकेक फुटेपर्यंत पुरवून वापरल्या.

निघताना चाचा एवढंच म्हणाले, "माझी ना न्हाई सर. पन जागा कुठं हाय?"

सर जागा मागायला आण्णांकडं गेले. आण्णा कधी कोणाला नाही म्हणत नसत. ते म्हणाले, "सर, जागा असती तर मी स्वतः त्या पोरीच्या घरी पेढे घेऊन गेलो असतो. पण फुल आहे हो."

"वर्गात कोणी नाही."

"वर्गात नसतील, यादीत आहेत ना!"

सरांनी वरच्या ऑफिसला तक्रार पाठवली. वरच्या ऑफिसनं ती योग्य त्या कार्यवाहीसाठी संस्थेकडं पाठवली. आण्णांनी सरांना बोलावून चहा पाजला आणि त्यांची तक्रार त्यांनाच वाचून दाखवली. "अक्षर फार सुंदर आहे तुमचं," म्हणाले.

मग तपासणी लागली. सायन्सच्या वर्गांत मुलं खरोखर बसतात का हे बघायला एक साहेब जिल्हाभर फिरत होते. आण्णांनी पालकांना फोन लावले, की एका दिवसापुरती पोरं पाठवा. पालक म्हणाले, छे, टेस्ट सिरीज चालू आहे. तेव्हा आण्णांनी तोडगा काढला. आर्ट्सची पोरं सायन्सच्या वर्गात बसवायची. तशीही बसतातच. प्रत्येकाला एकेक नाव वाटून दिलं. मी प्रतीक झालो. शबाना श्रेया झाली. खऱ्या श्रेयाचे वडील बडे कंत्राटदार, आण्णांच्या उजव्या हाताला बसणारे. आमची तालीमही घेतली. माझा मित्र दरवेळी स्वतःचं नवं नाव विसरायचा आणि वर आण्णांनाच विचारायचा, "आण्णा, मी कोन हाय?"

आदल्या दिवशी सर वर्गात आले, दार लावलं आणि म्हणाले, "उद्या साहेब काहीही विचारोत, कोणीही काहीही बरोबर सांगायचं नाही."

आजवर कोणत्याही शिक्षकानं आम्हाला इतका सोपा गृहपाठ दिला नव्हता. सरांचा बेत असा, की वर्गाला काहीच येत नाही म्हटल्यावर साहेबांना संशय येईल, ते खोदून विचारतील, खोटी नावं उघडी पडतील, कापली जातील आणि जागा मोकळ्या होतील. मी म्हटलं, "सर, त्यापेक्षा सरळ सांगून टाका ना साहेबाला."

"मी सांगितलं तर ते नुसतं विधान," सर म्हणाले. "त्यांना स्वतःला दिसलं तर ती सिद्धता."

असल्या माणसापुढं काय बोलणार? शबानाला त्यांनी मुद्दाम पुढं बोलावलं. "तुला येतं, हेच उद्या अडचणीचं आहे. चुकायचं. जमेल?" ती म्हणाली, "जमंल सर." एक जागा, तीही तिचीच, आणि त्यासाठी फक्त एकदा चुकायचं होतं.

साहेब आले. बुटके, घामेजलेले, जिल्हाभर खोटे वर्ग बघून कंटाळलेले. कधीकाळी स्वतः गणित शिकवलेलं असावं, कारण आल्या आल्या त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: कॉस एक्सचं डेरिव्हेटिव्ह काढा, मूळ व्याख्येवरून. मग माझ्याकडं बोट केलं. मी "येत नाही" म्हणालो. ते खोटं होतं, आणि मला त्याचा थोडा अभिमानही वाटला. दुसऱ्याला उठवलं. तोही "येत नाही" म्हणाला, पण त्याचं खरं होतं. साहेबांच्या कपाळावर आठी पडायला लागली. आण्णा दारात उभे राहून रुमालानं मान पुसत होते. सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं.

साहेबांनी शबानाला उठवलं. ती फळ्याशी गेली. सवयीनं तिचा हात चालायला लागला, ओळीमागून ओळ. शेवटच्या ओळीशी ती थांबली. उत्तर येतं मायनस साइन एक्स. तिनं मायनस गाळला, नुसतं साइन एक्स लिहिलं आणि खडू ठेवला. साहेबांचा हात आपल्या पेनाकडं गेला. बस, एवढ्यावर सगळं मिटणार होतं.

आणि आमचे सर मान तिरकी करून म्हणाले, "बघ परत."

सरांना स्वतःलाही कळलं नसावं आपण काय बोललो ते. त्यांनीच आखलेला बेत, त्यांनीच पढवलेली चूक, पण ती समोर फळ्यावर दिसल्यावर त्यांच्यानं राहवेना. शबानानं त्यांच्याकडं पाहिलं. तसं तोंड मी पुन्हा कोणाचं पाहिलं नाही. ती वळली, पुन्हा खडू घेतला आणि मायनस दिला.

"चुकीचं नाही," सर म्हणाले. मग त्यांचं तोंड उतरलं.

साहेब मात्र खुलले. असा वर्ग, म्हणाले, जिल्ह्यात पाहिला नाही. पोरगी स्वतः स्वतःची चूक सुधारते! त्यांनी शेऱ्यात कुमारी श्रेया हिचं नाव घालून कौतुक लिहिलं. त्या शेऱ्यानं कॉलेज तरलं, सगळी नावं पक्की झाली आणि शबानाची जागा बंद झाली. मला सरांचा त्या दिवशी मनापासून राग आला. लिंबाखाली मी बोललोही, "सरांच्या जागी दुसरा कोणी असता तर दगडच घातला असता." शबाना म्हणाली, "तू गप. त्यांनी न्हाई सांगितलं तर कोन सांगनार?"

इथं खरं तर सगळं संपायला हवं होतं. पण आमच्या भागात काही चांगलं झालं की सत्कार करावाच लागतो, आणि वाईट झालं तर जास्तच करावा लागतो. आण्णांना तो शेरा कपाटात ठेवून चैन पडेना. कुमारी श्रेयाचा आणि गणिताच्या सरांचा जाहीर सत्कार ठरला, आणि प्रमुख पाहुणे म्हणून त्याच साहेबांना बोलावलं. कोणीतरी दबकत म्हणालं, "आण्णा, साहेब पोरगी ओळखतील." आण्णा म्हणाले, "रोज इतक्या पोरी बघतात ते, तोंडं कशाला ध्यानात ठेवतील?" श्रेयाच्या वडिलांनी तर फाट्यावर फ्लेक्स लावला. अभिनंदन, अभिनंदन, त्रिवार अभिनंदन, आणि खाली बैलगाडीएवढी श्रेया. धंद्याच्या नजरेनं सांगतो, छपाई उत्तम होती.

आण्णांनी सरांना आधीच कोपऱ्यात घेतलं होतं. "कार्यक्रम तेवढा नीट पार पडू द्या. साहेब खूश आहेत. एखादी जागा वाढवून घेऊ, त्या मणियारच्या पोरीच्या अर्जावर मी स्वतः सही घेतो. शब्द आहे." सर हजेरीचं पुस्तक घेऊन तासाला गेले. शबानाचे वडील बाजार बुडवून आले होते, मागच्या रांगेत पोरीशेजारी बसले होते.

साहेबांची गाडी फ्लेक्सखालूनच आली. ते उतरले, फ्लेक्सकडं बघितलं, पुन्हा बघितलं आणि स्टेजवर जाऊन बसले. शाल, नारळ, टोपी झाली. श्रेयाचं नाव पुकारलं. ती आली. लातूरहून गाडीत घालून आणलेली, डोळ्यांखाली काळं, झोप न झालेली पोरगी. साहेबांनी हार तिच्या हातात दिला आणि माइकवरच विचारलं, "बाळ, त्या दिवशी फळ्यावर तुझं काय सुटलं होतं?"

श्रेया हारातली फुलं चाचपायला लागली. आण्णा मोठ्यानं हसले. "लाजतीय साहेब! सांगा ना सर, हीच ना ती?" आणि त्यांनी माइक सरांच्या तोंडापाशी धरला.

सरांनी फक्त "हो" म्हणायचं होतं. मागं शबाना बसली होती. तिच्यासाठी सर बाजारात ओरडले होते, तिच्यासाठी आण्णांच्या दारात गेले होते, आणि आता एका अक्षरावर जागा मिळत होती. माझ्या मित्रानं विचारलं, "म्हनतंय का न्हाई 'हो'?" मी म्हटलं, "म्हनंल. येवढं येडं न्हाई." शबाना मान खाली घालून बसली होती.

सरांची मान हळूहळू तिरकी झाली. तेव्हाच मी ओळखलं, गेलं सगळं.

"आण्णा," सर म्हणाले, "बघा परत."

श्रेयाच माइकपाशी झाली. "मी नव्हते सर. त्या दिवशी लातूरला टेस्ट होती." मग खाली मान घालून म्हणाली, "मला हे येतच नाही." हे तिनं हळूच म्हटलं होतं, पण माइक चांगल्या कंपनीचा होता. आण्णांनी मंडपवाल्याला खूण केली आणि त्यानं घाबरून सनई लावली. लग्नातली. त्या सनईवर साहेब ओरडून विचारत होते, "मग त्या दिवशीची मुलगी कोण?"

सर बोलले नाहीत. त्यांना सिद्धता हवी असणार. शबाना आपणहून उभी राहिली. तिचे वडील तिची ओढणी धरून खाली ओढत होते, तरी उभी राहिली.

"मी सर. शबाना मणियार. आर्ट्सला हाय."

पुढं ऑफिसात काय ठरलं ते मला आजही माहीत नाही. आत दोनदा चहा गेला, एवढं पाहिलं. वर्तमानपत्रात आलं ते एवढंच, की गुणवंतांचा सत्कार उत्साहात संपन्न. कोणाचं नाव कापलं गेलं नाही, कोणाला नोटीस आली नाही. श्रेयाचे वडील मात्र रागावले आणि त्यांनी तिथल्या तिथं पोरीचं नाव काढून दुसऱ्या फाट्यावरच्या कॉलेजात घातलं, तिथं सत्काराची भानगड नव्हती म्हणे. त्यामुळं एक जागा रिकामी झाली, आणि साहेब शबानाच्या अर्जावर सही केल्याशिवाय गाडीत बसेनात. हुशारीनं मिळाली नाही ती जागा एका श्रीमंताच्या रुसव्यानं मिळाली. न्याय आमच्याकडं असाच येतो, आणि आला की त्याचाही सत्कार करावा असं वाटतं.

सरांची बदली झाली. संस्थेची एक शाखा डोंगराच्या पलीकडं आहे, सातवीपर्यंतची. आण्णा म्हणाले, "पाया पक्का करणारा माणूस हवाय तिकडं." ते तिथं पाचवीच्या पोरांना सात साते एकोणपन्नास सिद्ध करून दाखवायला लावतात, असं ऐकतो. शबाना पुण्याला गणितात एम.एस्सी. करते आहे. फोन केला की आधी मला डेरिव्हेटिव्ह विचारते, मग माझी खुशाली. आमच्या कॉलेजात सायन्स अजून फुल आहे. सर गेल्यावर तिथं हजेरी घेणारं कोणी उरलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची फार आठवण येते.

त्यांचा शेवटचा तास मी खिडकीतून पाहिला. लाइट गेली होती, म्हणून आम्ही बाहेर. आत पुढच्या बाकावर एकटी शबाना. सरांनी हजेरी काढली. पहिलं नाव वाचलं, मान वर केली, थांबले. गैरहजर. दुसरं नाव, तसंच थांबले. अशी सगळी नावं. शेवटी नवं घातलेलं नाव आलं.

"शबाना मणियार."

"हजर, सर."

सर पेन धरून उभे राहिले. इतकी नावं वाचली, पण कोणी हजर म्हटल्यावर पुढं काय करायचं असतं, हे ठरवायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. मग घाईघाईनं फळ्याकडं वळले आणि लिहायला लागले. आमच्याकडं पाठ होती, पण खांदे दिसत होते. कॉस एक्सचं डेरिव्हेटिव्ह म्हणून त्यांनी नुसतं साइन एक्स लिहिलं. मायनस राहिला. माझ्यासुद्धा लक्षात आलं, पण मी आर्ट्सचा, मी कशाला बोलू?

शबाना जागेवरूनच म्हणाली, "सर, बघा परत."